आमची गाडी कधी उशिरा आली नाही

आमच्या घरी बसायला खुर्च्या नव्हत्या, बसच्या सीटा होत्या. ओसरीवर त्या गाडीत असतात तशाच एकीमागे एक अशा दोन रांगांत ठोकलेल्या होत्या, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. त्यामुळे पाहुणे एकमेकांच्या पाठीशी बोलत. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला आलेली मंडळीही अशीच बसली, सगळ्यांची तोंडं स्वयंपाकघराच्या दाराकडे. मुलाचा बाप मागच्या रांगेतून चौकशी करत होता आणि माझे बाबा पुढच्या रांगेतून, मान न वळवता, ड्रायव्हर देतो तशी उत्तरं देत होते. माय आतून मला ओरडली, "पाव्हण्याले चारवर बसवजो वं कुसुम, पाचाची स्प्रिंग वर येऊन राहिली." लग्न जमलं. पाचावर कोण बसलं होतं ते मी इथं सांगत नाही, ते आता हयात नाहीत.

या सीटा 'झाडीराणी मोटर सर्व्हिस'च्या दुसऱ्या गाडीतल्या. बाबांच्या ऐन उमेदीत कंपनीच्या तीन गाड्या होत्या. त्या लाखनीहून एकोडीला, एकोडीहून करडीला, आणि कुणाचं लग्न असलं की म्हणाल तिकडे जात. मग पहिली गाडी आजारी पडली. तिचे पार्ट काढून दुसरीला लावले. दुसरी बसली तेव्हा तिचे, आणि तिच्यात गेलेले पहिलीचे, असे सगळे पार्ट तिसरीत गेले. मी जाणती झाले तेव्हा तिसरी तेवढी चालत होती, दुसरीचा टप गोठ्यावर होता आणि पहिलीच्या सांगाड्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तरी कुणी विचारलं तर बाबा "तीन गाड्या" असंच सांगत. एका अर्थी ते खोटंही नव्हतं.

पहिल्या गाडीचा रबरी भोंगा मायने स्वयंपाकघराच्या खिडकीत लावून घेतला होता. शेतातल्या माणसांना जेवायला बोलवायचं असलं की ती तो दोनदा दाबायची, एकदा साधा आणि एकदा रागानं. तो ऐकून निम्मं एकोडी गाडी आली समजून गाठोडी घेऊन आमच्या दारी धावत यायचं. आल्यावर कळायचं, गाडी नाही, जेवण आहे. आता आलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं? मग चिन्नोरचा भात, झिंग्यांची चटणी, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगांची भाजी, असं सगळ्यांना वाढलं जायचं. मायनं भोंगा काढून टाकला असता तर हा त्रास वाचला असता, पण हे तिला कुणी सुचवलं नाही, आणि जेवणारे तर नक्कीच सुचवणार नव्हते. सोनाबाई नावाची एक म्हातारी आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. तिच्या शेळ्या सुटायच्या, कोंबडी खुराड्यात शिरायची नाही, चपलेचा एक पाय सापडायचा नाही, आणि खऱ्या गाडीला तिचा रोज उशीर व्हायचा. या भोंग्याला मात्र ती पहिली हजर असे.

सोनाबाईला रोज उशीर व्हायचा म्हणून गाडीलाही रोज उशीर व्हायचा, कारण बाबा तिच्यासाठी थांबत. ते सगळ्यांसाठीच थांबत. कुणी जेवायला बसलं असेल तर त्याचं जेवण होईपर्यंत, बाळंतीण निघणार असेल तर बाळाला काजळ लावून होईपर्यंत. एका गावी वरातीसाठी थांबले तर वरातीत नाचूनच परत आले. ड्रायव्हर तेच, मालक तेच, त्यांना कोण बोलणार? गाडीत त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवून घेतलं होतं, 'जावयांसाठी पुढील आसन'. आमच्या भागात जावई हा एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो, आणि गावाच्या जावयाला उभं ठेवणं म्हणजे गावाचं नाक कापणं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईची जत्रा सुरू झाली की गाडीत चढणारा प्रत्येक पुरुष या ना त्या गावाचा जावई निघायचा आणि पुढच्या एका सीटवर नऊ-नऊ जण बसायचे. मागच्या सीटा रिकाम्या.

वेळेचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरासमोरच गाडीचा थांबा आणि तिथं एक काळी पाटी. लाखनीहून येणारी गाडी किती वाजता पोहोचते ते त्या पाटीवर लिहायचं. तळ्याच्या वळणावर गाडी दिसली की मी आतल्या भिंतीवरचं घड्याळ पाहायची, ओल्या फडक्यानं पाटी पुसायची आणि जी वेळ झाली असेल ती लिहायची. गाडी दारात उभी राहायची तेव्हा पाटी आणि गाडी यांच्यात एका मिनिटाचा फरक नसे. ही पद्धत बाबांची. "लोक पाटी पाहूनच बोंबलते ना? मंग पाटी बरोबर ठेवजो," असं त्यांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. मला ते इतकं पटलं होतं की आमची गाडी कधीच उशिरा येत नाही असं मी शाळेत छातीठोकपणे सांगत असे. आता नागपुरात माझा नातू फोनमध्ये पाहून सांगतो, आजी, गाडी चार मिनिटांत येते. येते चार मिनिटांत. मला त्यात काही विशेष वाटत नाही. मी हे काम खडूनं केलेलं आहे.

या सगळ्याला एकाच माणसाचा विरोध होता, तो म्हणजे आमचे कंडक्टर भीमराव. मॅट्रिक झालेले, अक्षर मोत्यासारखं, शर्टाची इस्त्री कधी मोडायची नाही, मनगटाला घड्याळ. त्यांच्या घरचे लोक छप्पन्न साली बौद्ध झाले होते आणि त्यांच्या वडिलांनी सगळ्या भावंडांना शिकवलं होतं. भीमराव माझ्या पाटीकडे पाहायचे आणि मान फिरवायचे. बाबांशी त्यांचं जवळजवळ रोज वाजायचं. मायच्या हातचा गुळाचा चहा पीत पीत, एक नंबर आणि चार नंबरच्या सीटवरून, मान न वळवता दोघं भांडत.

"मालक, एका सोनाबाईसाठी चाळीस लोक बसून राहते. ते काय माणसं नाई का जी?"

"अरे, पण म्हातारी येऊन राहिली ना. डोळ्यांनं दिसून राहिली. तिले सोडून कसा जाऊ?"

"वेळेवर निघालं म्हणजे सगळे सारखे होते, मालक. घड्याळ कोणाचा जवाई नसते."

आणि एकदा, तशाच भांडणात, ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या आज्यासाठी कोणीच थांबत नोतं. कोणाची गाडी थांबते न् कोणाची नाई, ते माणसानं ठरवलं का असंच होते."

बाबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणून तर मी सगळ्याईसाठी थांबतो, भीमराव."

दोघांचंही खरं होतं. तेव्हा मला ते कळलं नाही. मला इतकंच वाटलं की आज चहा थंड झाला.

पुढे परमिटची मुदत संपत आली आणि भंडाऱ्याच्या कार्यालयातून पत्र आलं. एक साहेब स्वतः गाडीत बसून लाखनीहून करडीपर्यंत जातील आणि गाडी वेळापत्रकाप्रमाणे चालते का ते पाहतील. चालली तर परमिट वाढेल, नाही तर कंपनी बंद. बाबांची झोप उडाली. गाडी गेली तर त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि शेतीत त्यांना माय घुसू देत नव्हती. ते सायकल घेऊन रस्त्यावरच्या गावोगाव फिरले, लोकांना हात जोडले, "एक दिवस तेवढं वेळेवर या." लोकांना राग आला. "आमी कधी उशिरा आलो जी, मालक? पाटी पाह्य ना!" माझी पाटी अशी अंगावर आली. आदल्या दिवशी बाबांनी कागद पाहून माझ्याकडून पाटीवर ठळक '१०.१५' लिहून घेतलं आणि बजावलं, "उद्या पाटीले हात लावू नोको. काहीही झालं तरी."

साहेब सकाळी लाखनीला गाडीत चढले. गोरेसे, चष्मा, हातात फाइल. गाडी नऊच्या ठोक्याला सुटली. भीमराव पुढे मला म्हणाले होते, बारा वर्षांत पहिल्यांदा ठोक्याला शिटी मारली, तर पहिल्या फुंकीला नुसती हवाच निघाली. पहिला थांबा वेळेवर गेला. दुसराही गेला. आदल्या दिवशी बाजाराला म्हणून लाखनीला गेलेली आणि रात्री गाडीतच झोपलेली सोनाबाई त्याच गाडीत होती. तिचं माहेर करडीचं. ती मघापासून साहेबांकडे टक लावून पाहत होती, आणि तिसऱ्या थांब्याच्या आधी तिनं तोंड उघडलं.

"तू आमच्या करडीच्या सुशीलेचा नवरा होय ना रे?"

साहेब म्हणाले, "आजी, मी ड्युटीवर आहे."

"म्हंजे होय," सोनाबाई म्हणाली, आणि सगळी गाडी ऐकेल अशा आवाजात ओरडली, "बाई बाई! करडीचे जवाईबापू मांगच्या सीटवर बसून राहिले!"

झालं. साहेबांना उचलून पुढच्या आसनावर आणलं गेलं. तिसऱ्या थांब्यावर एक जण उतरला, सायकलवर टांग मारून गाडीच्या पुढे निघून गेला आणि पुढच्या प्रत्येक गावात बातमी पोहोचली. आमच्या गाडीच्या पुढे सायकल जाणं यात नवल काही नव्हतं. पुढच्या गावी लोक पाय धुवायला तांब्या घेऊन उभे. त्याच्या पुढच्या गावी पोहे. त्याच्याही पुढच्या गावी, जिथं आमची गाडी सहसा थांबतही नसे, तिथं चुलीवर कढई ठेवून वडे तळणं चाललं होतं आणि जवाईबापूंसाठी दुपट्टा आणायला माणूस गेला होता, तो येईपर्यंत थांबणं आलंच. साहेब "ड्युटी, ड्युटी" म्हणत राहिले. लोक म्हणाले, हो जी, ड्युटी करा, पण खाऊन करा. आणि बाबा? आयुष्यभर लोकांसाठी थांबलेले माझे बाबा स्टिअरिंगवर डोकं आपटून ओरडत होते, "जाऊ द्या रे बापाहो! टाइम होऊन राहिला!" लोक त्यांच्याकडे अचंब्यानं पाहत होते. एका म्हाताऱ्यानं त्यांना सुनावलं, "मालक, तुमीच लिवलं ना गाडीत, जवायाचा मान ठेवा म्हणून?" बाबांनाही एक वडा देण्यात आला. तो त्यांनी खाल्ला.

मी इकडे पाटीजवळ उभी. सव्वादहा झाले, साडेअकरा झाले, बारा वाजले. मायनं दोनदा भोंगा वाजवला, लोक आले, जेवले, गेले. पाटीवर माझ्याच हाताचे ठळक आकडे, आणि रस्ता रिकामा. परमिट म्हणजे काय हे कळायच्या वयाची मी होते. दुपारी एक चाळीसला तळ्याच्या वळणावर धुरळा दिसला आणि माझ्या हातानं नेहमीचं काम केलं. घड्याळ पाहिलं, फडकं मारलं आणि लिहिलं, '१.४०'. गाडी येऊन उभी राहिली. गळ्यात दुपट्टा, कपाळाला कुंकू, हातात नारळ अशा अवतारात साहेब खाली उतरले आणि माझ्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मागे बाबांचा चेहरा पांढरा पडलेला.

"रोज असंच करता?" साहेबांनी विचारलं.

"हो जी," मी म्हणाले. "म्हणून तर आमची गाडी कधी उशिरा येत नाही."

भीमरावांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी फाइल उघडली, काहीतरी लिहिलं आणि परत जाऊन पुढच्या आसनावर बसले. नऊला निघालेली गाडी दिवस मावळता करडीला, त्यांच्या सासुरवाडीला पोहोचली. तिथं काय झालं असेल ते कुणीही समजू शकेल. पाटी पुसणं ही माझ्या हातानं सवयीनं केलेली चूक होती की मीच ती जाणूनबुजून केली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या रात्री बाबा माझ्यावर रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

महिन्याभरानं अहवालाची प्रत आली. भीमरावांनी ती ओसरीवर उभं राहून वाचली. 'सदर गाडी एकोडी येथे फलकावर दर्शविलेल्या वेळी अचूक पोहोचली.' भीमराव थांबले, पुन्हा वाचलं, आणि पुढची ओळ वाचली. 'संपूर्ण प्रवासास लागलेल्या अधिक कालावधीचे कारण : रस्त्याची दुरवस्था.' बिचाऱ्यांनी सासुरवाडी हे कारण कसं लिहावं? परमिट एक वर्ष वाढलं. माय रडली, बाबांनी गाडीपुढे नारळ फोडला आणि एक तुकडा माझ्या पाटीपुढे ठेवला.

पण तो अहवाल पुढे कुठल्या तरी टेबलावर गेला असणार. एवढ्याशा अंतराला नऊ तास लागतात, तेही वेळेवर चालणाऱ्या गाडीला, म्हणजे रस्त्याचे हाल काय असतील असं कुणा दयाळू माणसाला वाटलं. पावसाळा संपताच आमच्या मुरमाच्या रस्त्यावर डांबर पडायला लागलं. बाबांना वाटलं, सरकारनं आपल्या गाडीसाठी रस्ता केला. ते रोज डांबर पाहायला जात. माय भोंगा वाजवून रस्त्यावरच्या मजुरांना जेवायला बोलवी. बाबांनी त्यांची गिट्टी आपल्या गाडीतून वाहून दिली. रस्ता असा झाला की त्यावर पाय ठेवायला जीव धजत नव्हता. आणि वर्ष संपताना दुसरं पत्र आलं. रस्ता आता सुस्थितीत असल्यामुळे या मार्गावर सरकारी लाल गाडी सुरू होत आहे, सबब खाजगी परमिट वाढवण्याचे प्रयोजन राहिले नाही. जिथं खड्डे होते तिथं ती लाल गाडी कधी यायला तयार नव्हती. आम्ही जेवू घालून तिची वाट करून दिली होती.

भीमरावांना लाल गाडीवर कंडक्टरची नोकरी लागली. त्यासाठी लागणारा दाखला बाबांनी सांगितला आणि मी लिहिला, 'यांच्या तेरा वर्षांच्या सेवेत गाडी एकदाही उशिरा आली नाही.' भीमरावांनी तो दाखला दोन बोटांनी धरला होता. खाकी ड्रेस घालून दाखवायला आले तेव्हा मायनं त्यांना चार नंबरवर बसवलं, ओवाळलं, आणि मग बाबा एक नंबरवर बसले आणि दोघांनी मान न वळवता, न भांडता चहा संपवला.

लाल गाडी पहिल्या दिवशी सव्वादहाला आली. अगदी सव्वादहाला. थांब्यावर आता सरकारी पत्र्याची पाटी होती, तेलरंगानं लिहिलेली, जाताना १०.१५, येताना १२.३०. मी सवयीनं खडू आणि फडकं घेऊन उभी होते, पण त्या पाटीवरचं पुसलं जाणारं नव्हतं. लोक चढले. भीमराव शिटी तोंडाला लावणार तोच गल्लीच्या टोकाला सोनाबाई दिसली. डोक्यावर गाठोडं, एका पायात चप्पल. करडीला तिच्या नातवाचं बारसं होतं. "थांबा जी! थांबा!" ती ओरडत होती. आणि बाबा, ज्यांचा आता त्या गाडीशी काही संबंध नव्हता, हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"भीमराव, म्हातारी येऊन राहिली."

भीमराव खाली उतरले. त्यांनी मनगट पाहिलं. "मालक, बाजूला व्हा," ते म्हणाले. आवाज फार हळू होता. "पह्यलाच दिवस हाय."

बाबा बाजूला झाले. मी त्यांना कुणासाठी बाजूला होताना कधी पाहिलं नव्हतं. शिटी वाजली, गाडी गेली, आणि सोनाबाई डांबरावर मटकन बसली. बाबांनी तिचं गाठोडं उचललं. ते पहिल्या गाडीच्या सांगाड्यामागे गेले, तिथं आमची तिसरी, शेवटची गाडी उभी होती. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, पुढून हँडल मारलं, आणि अर्ध्या तासानं ती खोकत खोकत सुरू झाली. सोनाबाईला पुढच्या, जावयांच्या आसनावर बसवून, परमिट नसलेली ती गाडी घेऊन बाबा करडीकडे निघाले. पकडले गेले असते तर काय झालं असतं, हे मायला माहीत होतं. तिनं फक्त बारशाच्या शिदोरीचा डबा खिडकीतून आत दिला.

पुढचं मी पाहिलं नाही, लाल गाडीतल्या लोकांनी सांगितलं. करडीच्या वाटेवरच्या दुसऱ्या तळ्याच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, रस्ता एकाच गाडीपुरता रुंद आहे. करडीहून परत येणारी लाल गाडी आणि आमची गाडी तिथं समोरासमोर आल्या. आमची गाडी पाळीवर बरीच पुढे आलेली, आणि तिचा मागे जायचा गिअर फार पूर्वीच गेलेला. लाल गाडीचा ड्रायव्हर खवळला, परमिट दाखव म्हणाला. भीमराव खाली उतरले, बाबांच्या गाडीकडे पाहिलं, आतल्या सोनाबाईकडे पाहिलं आणि लाल गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. मग शिटी वाजवत, हात हलवत, त्यांनी लाल गाडी पाळ संपेपर्यंत उलटी नेली.

लाल गाडी एकोडीला आली तेव्हा आमच्या घड्याळात बारा एकेचाळीस झाले होते. पत्र्यावर १२.३०. ड्रायव्हर धुसफुसत होता, लोक मजेत होते. भीमराव उतरले, पत्र्याची पाटी वाचली आणि मग मनगट पाहिलं. मी पाटीजवळ उभी होते. त्यांच्या इस्त्रीच्या खाकी शर्टाला पाळीवरचा चिखल लागला होता.

"पोरी," ते म्हणाले, "खडू हाय का?"

मी दिला. त्यांनी सरकारी वेळेच्या खाली, त्या मोत्यासारख्या अक्षरात, '१२.४१' लिहिलं, खडू मला परत दिला आणि शिटी वाजवून गाडीत चढले.